मनाची ओपीडी: "आताके आला" म्हणजे नक्की काय झालं?

मागच्या अंकात मी ओघात लिहून गेले होते की, २०१७ च्या मारिया वादळानंतर कॅरिबियन समुद्रातल्या प्वेर्तो रिको बेटावरून न्यूयॉर्कला आलेली बरीच कुटुंबं आमच्या ब्राँक्समधल्या दवाखान्यात येतात. त्यांच्यातल्या बायका "मला आताके आला" म्हणून जे सांगतात, ते आमच्या छापील फॉर्ममधल्या कुठल्याच चौकटीत बसत नाही, असंही म्हटलं होतं. त्या दोन ओळींवर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. अमेरिकेत डॉक्टर, नर्स, फार्मसिस्ट म्हणून काम करणाऱ्या मराठी मंडळींची पत्रं जास्त आहेत, म्हणून हा अंक त्यांचाच. पत्रांतले आणि माझ्या उत्तरांतले रुग्ण ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील बदलले आहेत.

प्रश्न: डॉक्टर, मी विदर्भातून एम.बी.बी.एस. करून सध्या फ्लोरिडात इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी करतोय. रात्रपाळीला पन्नाशीच्या एक प्वेर्तो रिकन बाई आल्या. भावाच्या अंत्यविधीत त्या किंचाळायला लागल्या, छाती बडवून घेतली, खाली कोसळल्या, हातपाय झाडले. दहा-पंधरा मिनिटांत शांत झाल्या, पण मधलं काही आठवत नव्हतं. ई.सी.जी., ट्रोपोनिन, साखर, डोक्याचा सी.टी. सगळं नॉर्मल. मुलगी शांतपणे म्हणाली, "आईला आताके येतो." सीनियरने "पॅनिक अटॅक" लिहिलं, लोराझेपाम (शांत करणारी, झोपेची गोळी) दिलं, घरी पाठवलं. मला काहीतरी सुटल्यासारखं वाटतंय. बरोबर झालं का?

उत्तर: तपासण्या आधी केल्या हे शंभर टक्के बरोबर. हृदय, साखर, मेंदू आणि अपस्मार बघितल्याशिवाय कुणी "हे मनाचं आहे" म्हणायला लागलं तर त्याला तिथेच थांबवावं, मग तो कितीही सीनियर असो. फक्त झाडलेल्या हातपायांचा मामला सी.टी.वर मिटत नाही. पूर्वीही असं झालं असेल, जीभ चावली असेल, कपडे ओले झाले असतील, तर न्यूरॉलॉजीचं मत आणि ई.ई.जी. लागतो. "आताके" हा शब्द कानावर पडला म्हणून अपस्मार पळून जात नाही.

आता तुम्हाला जे सुटल्यासारखं वाटतंय त्याबद्दल. पूर्ण नाव "आताके दे नेर्बिओस". कॅरिबियन बेटांवरच्या लोकांत, विशेषतः प्वेर्तो रिकन आणि डॉमिनिकन लोकांत, हे घरोघरी माहीत असतं. पोटातून किंवा छातीतून उष्णता डोक्यात चढते, अंग थरथरतं, माणूस ओरडतो, रडतो, कधी शिव्या देतो, कधी हात उगारतो, कधी बेशुद्ध पडल्यासारखा होतो. सगळ्यांत ठळक गोष्ट म्हणजे आपला आपल्यावर ताबा राहिला नाही ही जाणीव. नंतर बऱ्याच जणांना हलकं वाटतं, आणि काहींना मधलं काही आठवत नाही. तुमच्या बाई अगदी पुस्तकातल्या आहेत.

पॅनिकपेक्षा हे कुठे वेगळं? पॅनिक डिसऑर्डरमध्ये झटका ध्यानीमनी नसताना येतो, भीती काही मिनिटांत शिगेला पोचते आणि मग पुढचे कित्येक आठवडे माणूस "पुन्हा येईल का" या धास्तीत जगतो. आताकेला बहुतेक वेळा कारण असतं, आणि ते कारण घरातलं असतं: मयत, अपघाताची बातमी, नवऱ्याशी भांडण, मुलाला पोलिसांनी उचलणं. भीती असेलच असं नाही. राग असतो, दुःख असतं. काहींना दोन्ही असतं हेही खरं, त्यामुळे "पॅनिक नाहीच" असं मी इथून म्हणणार नाही. पण अंत्यविधीत, सगळ्या नातेवाइकांसमोर, भावाची शवपेटी खाली जाताना आलेल्या झटक्याला "ध्यानीमनी नसताना" कसं म्हणणार?

थोडा इतिहास सांगते, कारण हा शिक्का मारण्याचा धंदा जुना आहे. १९५० च्या दशकात अमेरिकी लष्करातल्या डॉक्टरांनी प्वेर्तो रिकन सैनिकांत असे झटके पाहिले आणि त्याला चक्क "प्वेर्तो रिकन सिंड्रोम" म्हणून टाकलं. म्हणजे एका अख्ख्या बेटाचंच निदान! (प्वेर्तो रिकन लोक १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत, हे आपल्यातल्या अनेकांना इथे येऊन वर्षं झाली तरी माहीत नसतं. त्या डॉक्टरांना तरी ते माहीत असावं.) पुढे ऑक्टोबर १९८५ मध्ये अतिवृष्टीने पोंसे शहराजवळची मामेयेस ही वस्ती दरड कोसळून गाडली गेली, शंभराहून जास्त माणसं गेली. त्या आपत्तीनंतर मानववंशशास्त्रज्ञ पीटर ग्वार्नाच्चिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटावर सुमारे ९०० लोकांची पाहणी केली. त्यात साधारण १६ टक्के लोकांनी आयुष्यात कधीतरी आताके आल्याचं सांगितलं. तेव्हा ही काही दुर्मीळ, नवलाची गोष्ट नव्हे.

त्याच पाहणीतली दुसरी गोष्ट तुमच्या कामाची आहे. ज्यांना आताके आला होता त्यांच्यातल्या निम्म्याहून बऱ्याच जास्त लोकांना नैराश्य, चिंता किंवा तत्सम एखादा निदान करण्याजोगा आजारही होता. इतरांत हे प्रमाण त्याच्या निम्म्याच्या आसपास. याचा अर्थ दोन्ही बाजूंनी घ्या. आताके येणाऱ्या बऱ्याच लोकांना कुठलाही मानसिक आजार नसतो. मयतीत एकदा आलेला झटका हा दुःख करण्याचा त्यांच्या माणसांना समजणारा प्रकार असतो. पण बाकीच्यांच्या बाबतीत तो दारावरची थाप असते, आणि आत काय आहे ते बघावं लागतं. तुमच्या सीनियरने थाप ऐकली, दाराला गोळी दिली आणि परत फिरले. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

मी काय विचारते? पहिला प्रश्न, "त्याच्या आधी काय झालं?" दुसरा, "तिथे कोण कोण होतं, आणि त्यांनी काय केलं?" हा दुसरा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि मला त्याचाच सर्वांत जास्त उपयोग होतो. माझ्याकडे प्वेर्तो रिकोतल्या मायाग्वेस शहराच्या एक आजी येतात. त्यांच्या पिशवीत आल्कोहोलादोची बाटली कायम असते, म्हणजे तिथे घरोघरी अंगाला चोळायला वापरतात तो हिरवट, उग्र वासाचा स्पिरिट. नातू तुरुंगात गेल्याची बातमी आली तेव्हा त्यांना आताके आला. शेजारणींनी आल्कोहोलादो कपाळाला चोळला, मनगटांना लावला, हात धरून बसल्या, कॉफी पाजली. आपल्याकडे कांदा फोडून नाकाशी धरतात तसंच. त्या आजींना मी औषध दिलं नाही, नातवाच्या भेटीच्या परवानगीसाठी आमच्या समाजसेविकेकडे पाठवलं. पण तशाच दुसऱ्या एक बाई होत्या. त्यांना आताके एकटीला, बंद न्हाणीघरात, रात्री यायचा. आसपास कोणी नाही, धरणारं कोणी नाही, आणि कारण विचारलं की गप्प. त्यांच्या बहिणीलाही ते विचित्र वाटत होतं. ज्या समाजात ही गोष्ट सर्वांच्या ओळखीची आहे, तिथल्याच माणसांना एखादा आताके "हा नेहमीसारखा नाही" असा वाटला की मी खुर्ची पुढे ओढते. त्या बाईंच्या घरात मारहाण चालू होती, आणि त्यांनी दोनदा गोळ्या साठवून ठेवल्या होत्या.

म्हणून तिसरा प्रश्न: "त्या वेळी मरून जावं असं वाटलं का? स्वतःला काही केलं का?" आताके आणि आत्महत्येचे विचार यांचा संबंध अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलेला आहे. हा प्रश्न आणि मारहाणीचा प्रश्न मुलीला बाहेर बसवून, दवाखान्याच्या दुभाष्याकरवीच विचारायचा. मुलगी कितीही हुशार असली तरी आईच्या मरणाच्या इच्छेचं भाषांतर तिच्याकडून करून घेऊ नये. आणि दुभाषी म्हणून समोर आलेलं मूल अल्पवयीन असेल, तर जिवावरचा प्रसंग सोडून तसं करायला इथल्या केंद्रीय नियमांचीच मनाई आहे.

तर आता बाईंना फोन करा. खरंच करा, तुमच्या कंटिन्युइटी क्लिनिकची (जिथे तुम्ही त्याच रुग्णांना पुन्हा पुन्हा बघता) वेळ द्या. भावाबद्दल विचारा. लोराझेपाम चार दिवसांचं दिलं असेल तर ठीक, त्याची महिन्याची चिठ्ठी होऊ देऊ नका. आणि फाईलमध्ये काय लिहायचं ही चिंता असेल तर, २०१३ च्या डी.एस.एम.-५ मध्ये (अमेरिकेतल्या मानसिक आजारांच्या निदानाच्या पोथीत) आताके दे नेर्बिओसचं नाव "इतर विशिष्ट" या सदरात दोन ठिकाणी उदाहरण म्हणून दिलंय, एकदा चिंतेच्या आजारांत आणि एकदा आघात-तणावाच्या आजारांत. विमा कंपनीला तेवढं पुरतं. सीनियरशी भांडू नका, कोड दाखवा.

प्रश्न: ताई, मी न्यू जर्सीत एडिसनला राहते. आमच्या जुळ्या मुलांना सांभाळायला होंडुरासच्या एक बाई येतात, खूप मायाळू आहेत. गेल्या महिन्यात त्यांची आई गावाकडे वारली. तेव्हापासून त्या सांगतात, रात्री कोणीतरी नावाने हाक मारतं, दाराशी सावली सरकल्यासारखी दिसते. मी गूगल केलं तर स्किझोफ्रेनिया आलं. मुलांना त्यांच्याजवळ ठेवावं का?

उत्तर: गूगलला विचारलंत तर खोकल्यालाही कॅन्सरच येतो.

आई वारल्यावर महिन्याभरात तिची हाक ऐकू येणं, ती दाराशी उभी असल्यासारखं वाटणं, हे जगात सगळीकडे होतं. तुमच्या माझ्या घरांतही झालेलं असेल, फक्त आपण ते कुणाला सांगत नाही. लॅटिन अमेरिकेतल्या बऱ्याच लोकांत ते सांगायला संकोच नसतो. प्वेर्तो रिकन लोकांत तर कोपऱ्यातून सरकणाऱ्या सावल्यांना नावच आहे, "सेलाहेस", आणि कोणीतरी नावाने हाक मारल्याचा भासही नेहमी सांगितला जातो. एवढ्यावरून इथल्या इमर्जन्सीत माणसांना सायकोसिसचा (वास्तवाचं भान सुटण्याचा) शिक्का बसून त्यावरचं हॅलोपेरिडॉल हे औषध सुरू झालेलं मी पाहिलंय. एकदा फाईलमध्ये तो शब्द पडला की पुढचा प्रत्येक डॉक्टर तोच उतरवून घेतो.

मी काळजी केव्हा करीन? आवाज हुकूम सोडत असेल, "हे कर, ते फेक" म्हणत असेल. शेजारी विष घालतात, फोन ऐकतात असा पक्का संशय बसला असेल. बोलण्याचा ताळमेळ सुटला असेल. अंघोळ, जेवण, झोप, काम यांतलं काही कोसळलं असेल. किंवा आईकडे जायची भाषा येत असेल. यातलं काही नसेल, बाई वेळेवर येतात, मुलांना भरवतात, गाणी म्हणतात, आणि त्यांच्या स्वतःच्या बहिणीलाही "आई येते तिच्याकडे" यात वावगं वाटत नसेल, तर हे दुःख आहे. मुलं सुखरूप आहेत.

तुमच्या पत्रात एक गोष्ट नाहीये. त्या अंत्यविधीला गेल्या होत्या का? कागदपत्रं नसलेली माणसं जाऊ शकत नाहीत, गेली तर परत येता येत नाही. फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर आईचं दफन पाहिलेली कितीतरी माणसं माझ्यासमोर बसलेली आहेत. दुपारी मुलं झोपली की चहा करा, त्यांच्याजवळ बसा, आणि आईबद्दल विचारा. कागदपत्रांबद्दल तुम्ही होऊन विचारू नका. "डॉक्टरला दाखवलं नाहीस तर कामावर येऊ नको" असं तर चुकूनही म्हणू नका. त्या दाखवणारही नाहीत आणि तुम्हाला पुढचं काही सांगणारही नाहीत. जायला तयार झाल्या तर तुमच्या भागातलं सरकारी अनुदानावरचं कम्युनिटी हेल्थ सेंटर शोधून द्या, तिथे पैसे नाहीत म्हणून परत पाठवत नाहीत. रात्री-अपरात्री जिवाचा प्रश्न आला तर ९८८ हा मानसिक संकटासाठीचा अमेरिकेतला हेल्पलाइन नंबर लावायचा आणि स्पॅनिशसाठी २ दाबायचं.

प्रश्न: मराठी मासिकात मेक्सिको-प्वेर्तो रिकोची दुखणी कशाला? आपल्या शेतकऱ्यांचं लिहा. (नाशिक)

उत्तर: शेतकऱ्यांवर याच सदरात लिहिलंय, पुन्हा लिहीन. पण अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत ६.२ कोटी लोकांनी स्वतःला हिस्पॅनिक किंवा लॅटिनो म्हटलंय, आणि आपली कितीतरी मुलं-मुली तिथे पांढरा कोट घालून त्यांच्यासमोर उभी आहेत. त्यांना हे आपल्या भाषेत वाचायला मिळालं तर बिघडलं कुठे?

प्रश्न: मॅडम, मी पुण्यात क्लिनिकल सायकॉलॉजी शिकते. आताकेचं वर्णन वाचून मला आमच्या गावातलं अंगात येणं आठवलं. हे एकच आहे का? आणि दुसरं, "अमुक संस्कृतीचा अमुक आजार" अशा याद्या करणं हाच साचेबंदपणा नाही का?

उत्तर: दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण तो जास्त चांगला आहे.

होय, आहे. आणि हे त्या याद्या करणाऱ्यांच्याही लक्षात आलं. १९९४ च्या डी.एस.एम.-४ मध्ये मागे एक परिशिष्ट होतं, "संस्कृतीबद्ध" म्हणून २५ प्रकार. आताके, नेर्बिओस (कायमची अस्वस्थता), सुस्तो (जबर धसका), दृष्ट लागणं, रागाने पित्त खवळणं, आणि आपल्याकडची धातही त्यात! जणू वस्तुसंग्रहालयातली काचेची कपाटं. गोऱ्या अमेरिकन माणसाच्या दुःखाला संस्कृती नसते, ती फक्त बाकीच्यांना असते, असा एकूण भास. २०१३ मध्ये ते बदललं. यादी ९ वर आली (२०२२ च्या सुधारित आवृत्तीत जपानचं हिकिकोमोरी, म्हणजे महिनोन्महिने घरात कोंडून घेणं, धरून १०), आणि महत्त्वाचं म्हणजे एक मुलाखत दिली गेली, १६ प्रश्नांची, जी कुठल्याही रुग्णाला विचारायची, मग तो लातूरचा असो की आयोवाचा. ती बनवण्यात न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ रोबेर्तो लुईस-फर्नांदेस यांचा पुढाकार होता. आताकेवरचं त्यांचं कामही मोठं आहे. प्रश्न साधे आहेत. तुमच्या घरच्यांना हा त्रास तुम्ही कसा सांगाल? तुम्हाला त्यातलं सगळ्यात जास्त काय जाचतं? हे का होतंय असं तुम्हाला वाटतं, आणि तुमच्या माणसांना काय वाटतं? आधी कोणाकडे गेला होता, त्याचा उपयोग झाला का? आमच्या दवाखान्यात येण्यात काय आडवं येतं? ही मुलाखत इंटरनेटवर मोफत मिळते, उतरवून घ्या. मी सगळे १६ प्रश्न रोज विचारत नाही, पंधरा मिनिटांच्या अपॉइंटमेंटमध्ये कोण विचारणार? पण "का होतंय असं वाटतं" हा एक मी सोडत नाही.

याद्या मला तरीही लागतात. आताके हा शब्दच ज्याने ऐकलेला नाही तो डॉक्टर मुलीचं वाक्य कानाआड करतो. यादी पाठ असलेला डॉक्टर मात्र "प्वेर्तो रिकन बाई आहे, म्हणजे आताकेच" म्हणून मेंदूतली गाठ सोडून देऊ शकतो. दोन्हींत मला दुसऱ्याची भीती जास्त वाटते, कारण त्याला आपण फार समजूतदार आहोत असं वाटत असतं.

आता अंगात येणं. अर्धं जुळतं. दोन्हीकडे ताबा सुटतो, नंतर आठवत नाही, आणि दोन्हीकडे एरवी गप्प असणारी बाई सगळ्यांसमोर मोठ्याने बोलते. पण अंगात येतं तेव्हा बोलणारी ती नसते. देवी बोलते, तिला हळदकुंकू लावतात, कौल विचारतात, तिचा वार ठरलेला असतो, आरतीच्या ढोलाला ती येते. आताकेत सहसा दुसरं कोणी अंगात शिरत नाही. बाई स्वतःच ओरडते, तिच्याच तोंडाने, आणि वार-वेळ ठरलेली नसते. प्वेर्तो रिकोत मृतात्म्यांशी बोलणारा एस्पिरितिस्मोचा पंथ आहे, आणि त्यातले काही जण आताकेचा अर्थ आत्म्यांशी जोडतात. पण ती एक समजूत झाली, सगळ्यांची नव्हे. तेव्हा प्रबंधात "आताके म्हणजे त्यांचं अंगात येणं" असं वाक्य लिहू नका, बाहेरचा परीक्षक तिथेच पेन टेकवेल. तुलना करायचीच असेल तर आपल्याकडच्या दातखीळ बसण्याशी करा. सासरी भांडण झालं आणि सुनेची दातखीळ बसली, हे मिरजेच्या वॉर्डात शिकताना मी भरपूर पाहिलंय. तिथे आम्ही "हिस्टेरिया" लिहून मोकळे व्हायचो. प्वेर्तो रिकोतल्या त्या लष्करी डॉक्टरांना नावं ठेवण्याआधी आपल्या जुन्या केसपेपरवरही नजर टाकायला हरकत नाही.

प्रश्न: मी शिकागोत समुपदेशनाचं शिक्षण घेतोय. रुग्णाला इंग्रजी येत असेल तर दुभाष्याची भानगड कशाला?

उत्तर: कारण भाषा बदलली की आजार कमी-जास्त दिसतो. १९७३ मध्ये मनोविकारतज्ज्ञ लुईस मार्कोस आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये स्किझोफ्रेनियाच्या द्वैभाषिक रुग्णांच्या दोन्ही भाषांत मुलाखती घेतल्या. तीच माणसं इंग्रजीत जास्त आजारी ठरली. परक्या भाषेत माणूस अडखळतो, थांबतो, तुटक बोलतो, आणि समोरचा ते लक्षण म्हणून टिपून घेतो. पुढे दुसऱ्या संशोधकांना नेमकं उलटं दिसलं, स्पॅनिशमध्ये रुग्ण मोकळेपणी बोलल्यामुळे लक्षणं जास्त बाहेर आली. मग खरं कुठलं? दोन्ही. म्हणून रुग्णालाच विचारा, कुठल्या भाषेत बोलू, आणि फाईलमध्ये मुलाखतीची भाषा लिहा. आणखी एक, मेक्सिकोच्या वाहाका राज्यातून आलेल्या माणसासाठी स्पॅनिश दुभाषी बोलावून निश्चिंत होऊ नका. त्याची मातृभाषा मिश्तेको किंवा सापोतेको या तिथल्या आदिवासी भाषांपैकी असू शकते, आणि स्पॅनिश त्याच्यासाठी शाळेतली भाषा. "सी, सी" म्हणत मान हलवतोय म्हणजे कळतंय असं नाही. आपल्या मेळघाटातल्या कोरकू आजोबांना शहरातल्या डॉक्टरने मराठीत विचारलं की तेही "हो, हो" म्हणतात.

प्रश्न: नमस्कार. मी कॅलिफोर्नियात फ्रेझ्नोजवळ फॅमिली प्रॅक्टिस करतो, निम्मे रुग्ण शेतमजूर, मेक्सिकन. एक चाळिशीचा माणूस, साखर बेसुमार वाढलेली, म्हणतो "मला सुस्तोमुळे मधुमेह झाला." तीन वर्षांपूर्वी ट्रॅक्टर उलटताना पाहिला होता म्हणे. गोळ्या घेत नाही, कुरांदेराकडून (त्यांच्यातल्या वैदूकडून) अंगावरून झाडपाला फिरवून घेतो. झोप नाही, जेवण नाही, वजन उतरलंय. मी त्याला ही अंधश्रद्धा आहे हे समजावून दमलो.

उत्तर: दमणारच. तुम्ही त्याच्या कारणाशी भांडताय आणि त्याला उपचार हवाय.

सुस्तो म्हणजे जबर धसका. पूर्ण समजूत अशी की धक्क्याने आत्मा शरीर सोडून तिथेच राहतो. मग भूक जाते, झोप बिघडते, अंगात त्राण राहत नाही, मन उदास होतं. लक्षणं लगेच येतात किंवा वर्षांनी येतात, त्यामुळे तीन वर्षांपूर्वीचा ट्रॅक्टर त्याच्या हिशेबात चपखल बसतो. सुस्तोने मधुमेह होतो ही समजूत मेक्सिकन आणि मेक्सिकन-अमेरिकन लोकांत इतकी पसरलेली आहे की तुमच्याकडे ती रोज येत असणार, फक्त सगळे बोलून दाखवत नाहीत.

अंधश्रद्धा म्हणून उडवून लावण्याआधी एक अभ्यास ऐका. मानववंशशास्त्रज्ञ आर्थर रुबेल आणि दोन सहकाऱ्यांनी वाहाकात सुस्तो झालेल्या आणि न झालेल्या माणसांची तुलना केली, तो १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. सुस्तोवाले मनाने जास्त बिघडलेले निघाले नाहीत. ते शरीराने जास्त आजारी होते, घरच्या-गावच्या जबाबदाऱ्या पार पाडता येत नाहीत म्हणून जास्त पिचलेले होते, आणि सात वर्षांनी पाहिलं तर त्यांच्यात मृत्यूही जास्त झाले होते. तेव्हा "मला सुस्तो झालाय" म्हणणारा माणूस समोर आला की मी ते वाक्य "हा नीट तपासण्याचा माणूस आहे" असं ऐकते.

तुमच्या रुग्णाचंच बघा. वजन उतरणं, थकवा, झोपमोड हे सगळं बेसुमार साखरेनेही होतं. नैराश्यानेही होतं. आणि ट्रॅक्टर उलटताना तो पाहणारा होता की सोबती खाली गेला होता, हे तुम्ही विचारलेलं दिसत नाही. दुःस्वप्नं पडतात का, ट्रॅक्टरवर बसतो का, त्या शेताच्या बाजूने जायचं टाळतो का? सुस्तोच्या पोटात आघातानंतरचा तणाव, नैराश्य आणि निव्वळ शरीराचा आजार, तिन्ही सापडतात, कधी एकाच माणसात. नावावरून कळत नाही, विचारावं लागतं.

त्याला म्हणा, "त्या धक्क्याने तुमचं शरीर हललं, हे मला पटतं. आता साखर चढलेली आहे, ती गोळ्यांनी उतरवू. झाडपाला चालू राहू दे." यात खोटं काही नाही, मोठ्या ताणात साखर वाढतेच. रुदा (सताप), रोझमेरी, तुळशीच्या जातीतला आल्बाहाका अंगावरून फिरवून, नाव घेऊन आत्म्याला परत बोलावतात, त्याला "बार्रिदा" म्हणतात. त्यात अपाय नाही, आणि कुरांदेरा त्याला आठवड्याला अर्धा तास देतो, तुम्ही किती देता? शक्य असेल तर त्या कुरांदेराशी एकदा फोनवर बोला. माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंनी तसं केलं तेव्हा पलीकडून पहिला प्रश्न आला, "त्याची साखर किती आहे?"

अपाय कुठे आहे तेवढं मात्र बघा: पोटात घ्यायच्या पावडरी. मुलांचं पोट गच्च झालं, अन्न अडकलं की त्याला ही मंडळी "एम्पाचो" म्हणतात, आणि त्यावर "आसार्कोन" नावाची भगवी पावडर आणि "ग्रेता" नावाची पिवळी पावडर देण्याची जुनी चाल आहे. दोन्ही जवळजवळ निखळ शिसं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात याच पावडरींमुळे मुलांना विषबाधा झाल्याचं उघड झालं. आसार्कोन म्हणजे रासायनिक दृष्ट्या आपला मारुतीचा शेंदूर, हे ऐकल्यावर तुम्हाला त्याची गंभीरता वेगळी सांगायला नको. शिसं अंगात गेलेलं मूल चिडचिडं होतं, जेवत नाही, अभ्यासात मागे पडतं, पोट दुखतं म्हणतं, आणि घरचे म्हणतात एम्पाचो झाला, मग पुन्हा तीच पावडर. म्हणून तुमच्या त्या रुग्णाला विचारा, घरात मुलं किती आहेत, आणि पोटासाठी त्यांना काय देता. "काही चुकीचं देता का" असं विचारलंत तर उत्तर नाही असंच येईल. पावडर असेल तर फेकायला सांगू नका, डबीसकट घेऊन यायला सांगा, म्हणजे काउंटीच्या आरोग्य खात्याला तपासता येईल आणि ती कुठून आली ते शोधता येईल. घरातल्या सगळ्या मुलांचं शिशासाठी रक्त तपासा, आणि त्यांत पाच वर्षांखालचं कोणी असेल तर त्याचं त्याच दिवशी.